नेत्याचा चेहरा ओढलेला दिसतोय, तर बातमीत काय लिहायचं?

राजकीय बातमीदारी करायला लागलात की वर्षभराच्या आत हा प्रसंग येतोच. समोर नेता बसलेला असतो आणि त्याचा चेहरा नेहमीचा नसतो. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, रंग गेलेला. वाचकापर्यंत हे पोचायला हवं असं तुम्हाला आतून वाटतं, आणि ते योग्यच आहे. अडचण त्याच्या पुढे आहे. लिहायला बसलं की एक वाक्य हाताशी तयारच असतं: "पराभवाच्या धास्तीने त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता."

हे वाक्य मी लिहिलेलं आहे. मतमोजणीचा दिवस होता आणि उमेदवार दालनाच्या एका कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. मी कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, ते वाक्य टाकलं; डेस्कने, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या संपादकांनी, ते उचलून चौकटीत घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या छायाचित्रकाराने त्याच दालनातले सगळे फोटो संगणकावर एकापाठोपाठ एक दाखवले. त्या ट्यूबलाइटखाली दारावरचा पोलीस पांढराफटक होता, मोजणीचे कर्मचारी पांढरेफटक होते आणि संध्याकाळी निवडून आलेला उमेदवारही तितकाच पांढराफटक होता. मी त्या दालनातला एकच चेहरा पाहिला होता. आणि धास्ती? ती मी पाहिलीच नव्हती. तो पहिल्या फेरीपासून मागे होता, म्हणून ती माझ्या डोक्यात होती.

तेव्हापासून जी पद्धत पाळत आलो ती इथे पायरीपायरीने सांगतो. तिचा गाभा असा: चेहऱ्यावर दिसलं ते पाहून लिहायचं, चेहऱ्यामागे काय आहे ते विचारून लिहायचं. दिसलेलं दडवायचं नाही आणि न दिसलेलं रंगवायचं नाही.

पहिली पायरी: विशेषणाआधी नोंद

"थकलेला" ही नोंद नव्हे, तो निष्कर्ष झाला. कार्यक्रम चालू असताना वहीत सुटे तपशील उतरवा. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असते:

११.४०. मी तिसऱ्या रांगेत. गालाची हाडं वर आलेली. कॉलर गळ्याला सैल, दोन बोटं सहज जातील. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. तीन पायऱ्या चढताना कठड्याला हात. भाषण १४ मिनिटं, मागच्या महिन्यात ४०. आवाज शेवटपर्यंत खणखणीत.

यात आजारपणाचा एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला माणूस दिसतो. शेवटची ओळ विसरू नका. जे तुमच्या समजाला छेद देतं तेही वहीत आलंच पाहिजे. चेहरा ओढलेला पण आवाज खणखणीत, हे दोन्ही एकत्र लिहिलं तरच चित्र खरं होतं. नवखा बातमीदार नेमका हा दुसरा भाग गाळतो, कारण तो बातमीची धार कमी करतो असं त्याला वाटतं.

मला सगळ्यात भरवशाचा तपशील वाटतो तो कपड्यांचा. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली. त्याआधी निक्सन गुडघ्याच्या जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात होते आणि त्यांचं वजन उतरलं होतं. त्या रात्री ते फिके, आजारी दिसले हे आजवर असंख्य वेळा लिहिलं गेलंय. पण त्या फिकेपणात पुष्कळ गोष्टींचा हात होता: फिकट राखाडी सूट मागच्या पडद्यात मिसळून गेला होता, त्यांनी रीतसर मेकअप करून घेतला नव्हता, वरून दिव्यांचा झोत, आणि पाहणाऱ्यांचा पडदा कृष्णधवल. सैल झालेली कॉलर मात्र वजन उतरल्यामुळेच सैल झाली होती. रंगाला दहा कारणं असतात, कॉलरला फार थोडी. म्हणून कॉलर, घड्याळाचा पट्टा, बोटातली ढिली अंगठी, पट्ट्याला नव्याने पाडलेलं भोक, हे पाहायची सवय लावून घ्या.

आणि तुलनेला तारीख द्या. "पूर्वीपेक्षा खराब" यातलं पूर्वी कधीचं? मी प्रत्येक मोठ्या नेत्याच्या नावाने वहीत एक पान ठेवतो. जेव्हा जवळून पाहिलं तेव्हा दोन ओळी, तारखेसकट. प्रकृती चांगली असतानाही लिहितो, कारण पुढे तुलना करायची ती त्याच दिवसाशी.

दुसरी पायरी: उजेड तपासा

माझी चूक इथलीच होती, म्हणून नियम सोपा ठेवलाय. त्या चेहऱ्याशेजारचे आणखी तीन चेहरे पाहा. सुरक्षारक्षक, स्वीय सहायक, बाजूला बसलेला कार्यकर्ता. सगळेच फिके असतील तर बातमी ट्यूबलाइटची आहे. निळ्या ताडपत्रीखाली निरोगी माणूसही करपल्यासारखा निळसर दिसतो, हिरव्या कापडाखाली पिवळट-हिरवा. कॅमेऱ्यासमोरचे एलईडी दिवे चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतात आणि नुसता वरचा दिवा असेल तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठतो. मग डोळे खोल गेल्यासारखे वाटतात.

उलटही होतं. वाहिनीच्या मुलाखतीतून नुकताच बाहेर आलेला नेता ताजातवाना दिसतो, कारण चेहऱ्यावर अजून मेकअप असतो. अशा वेळी गळा, कान आणि हातांचे पंजे पाहा. तिथे बहुधा रंग लावलेला नसतो.

फोटोवरून किंवा चित्रफितीवरून चेहऱ्याचं वर्णन शक्यतो करूच नका. मोबाइलचा कॅमेरा रंगाचा तोल स्वतःच ठरवतो, फिल्टर चेहरा गुळगुळीत करतो, आणि समाजमाध्यमांवर फिरणारा फोटो कोणी मुद्दाम फिकट केलेला असू शकतो. अगदीच गरज पडली तर "प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात दिसते त्यानुसार" असं वाक्यातच म्हणा आणि छायाचित्र कोणी, कधी प्रसिद्ध केलं तेही सांगा. आपल्या छायाचित्रकाराकडे मूळ फोटो मागा. त्याने एका मिनिटात काढलेल्या वीस फोटोंपैकी एकोणिसांत नेता ठीक असेल आणि एकात डोळे अर्धे मिटलेले, तर तो विसावा फोटो पापणीच्या हालचालीचा आहे.

तिसरी पायरी: शब्द निवडताना

इथे थोडं थांबतो, कारण आपल्या भाषेतली खरी मेख इथेच आहे. मराठीत चेहऱ्याचे शब्द उदंड आहेत, पण आजारपण आणि हार यांना आपण बहुतेक वेळा एकच शब्द वापरतो. ताप आला की चेहरा उतरतो, तिकीट कापलं गेलं तरी चेहरा उतरतो. दोन दिवस जागरण झालं की तोंड सुकतं, चूक उघडी पडली तरी तोंड सुकतं. त्यामुळे तुम्ही निव्वळ तब्येतीबद्दल लिहिता आणि वाचक ती हार म्हणून वाचतो. किंवा तुम्ही हार सुचवायला जाता आणि घरच्यांना वाटतं, यांना काही आजार तर नाही.

म्हणून मी शब्द वेगळे करून ठेवलेत.

काही शब्द भावनेचे आहेत. चेहरा पडला, चेहऱ्यावरचा रंग उडाला, चेहरा गोरामोरा झाला, तोंडचं पाणी पळालं, तोंड एवढंसं झालं. हे क्षणाचे शब्द आहेत. काहीतरी घडलं आणि तत्क्षणी चेहरा बदलला, असं तुम्ही स्वतः पाहिलं असेल तरच ते चालतील. सभागृहात एक कागद वाचून दाखवला गेला आणि मंत्र्यांचा चेहरा पडला, हे लिहिता येतं, कारण आधी आणि नंतर दोन्ही तुमच्या डोळ्यांदेखत घडलं. सकाळी दहाला माणूस आला तोच तसा असेल, तर "रंग उडाला" म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. आधीचा रंग तुम्ही कुठे पाहिला होता?

काही शब्द शरीराचे आहेत: फिकुटलेला, पिवळट, मलूल, सुजट, रोडावलेला, खंगलेला, ओढलेला, निस्तेज. यातही वजनं वेगळी आहेत. "खंगलेला" म्हटलं की दीर्घ आजार आलाच. माणूस एका रात्रीत खंगत नाही. तो शब्द वापरायचा तर मागचा काळ तुम्हाला माहीत हवा. "रोडावलेला" फक्त वजनाबद्दल बोलतो, म्हणून बातमीत तो बरा. "हडकुळा" हिणवतो, तो नको. "मलूल" लहान मुलाला शोभतो, सत्तर वर्षांच्या नेत्याला लावला की नकळत कीव येते. माझा आवडता शब्द "ओढलेला". श्रम, जागरण, दुखणं, काळजी, यातलं काहीही असू शकतं एवढंच तो सांगतो आणि निवाडा देत नाही.

"निस्तेज" घासून गुळगुळीत झालाय हे मान्य, पण त्याच्यात एक गुण आहे. तो रंगाला बांधलेला नाही. "पांढरा पडला" हे वर्णन गोऱ्या कातडीवरून आलेलं आहे. सावळा किंवा काळा माणूस आजारी पडला की पांढरा होत नाही. चेहऱ्यावरची चकाकी जाते, राखाडी छटा येते, ओठ फिके होतात. "चेहऱ्याची रया गेली" हा आपला जुना वाक्प्रचार ते नेमकं पकडतो. डॉक्टरसुद्धा रक्त कमी आहे का हे गालावरून ठरवत नाहीत. ते खालची पापणी ओढून आतली बाजू पाहतात, नखं आणि तळहात पाहतात. कावीळ पाहायची तर डोळ्यांतला पांढरा भाग. तुम्ही तिसऱ्या रांगेतून यातलं काहीच पाहिलेलं नसतं. तेव्हा "पांढराफटक" आणि "पिवळाजर्द" हे दोन शब्द वहीत आले तर स्वतःलाच विचारा, खरंच हा रंग दिसला की ही सवय आहे?

आणि काही शब्द निवाड्याचे. प्रेतकळा, अवकळा, मढ्यासारखा, काळाठिक्कर. हे बातमीत येऊच नयेत असं माझं ठाम मत आहे, मग तो नेता तुम्हाला कितीही नावडता असो. "प्रेतकळा" लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाचं मरण जाहीर केलेलं असतं, आणि ते त्याची मुलं वाचतात.

काही छोट्या गोष्टी. बातमीत "चेहरा" लिहा, "तोंड" शक्यतो टाळा. आपल्याकडचे तोंडाचे बहुतेक वाक्प्रचार घालूनपाडून बोलण्याचे आहेत. आणि "जाणवत होते" हे क्रियापद काढून टाका. "त्यांच्या चेहऱ्यावर ताण जाणवत होता." कोणाला? वाचक हे विचारू शकत नाही, म्हणून ते वाक्य सुटतं. डोळ्यांनी पाहिलं असेल तर "दिसत होते" म्हणा आणि नेमकं काय दिसलं ते सांगा. तसंच "फिका" शब्दाचा दुसरा अर्थ, कोणापुढे फिका पडणे, हाताशी आहे म्हणून आजारी नेत्याच्या मथळ्यात त्यावर कोटी करू नका. मोह प्रत्येकालाच होतो.

चौथी पायरी: चेहऱ्यावरून आजाराचं नाव ठेवू नका

आजारी चेहरा म्हणजे फिका आणि बारीक, हे समीकरण डोक्यातून काढा. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांचा चेहरा शेवटच्या काळात सुजून गोल झाला होता. तो औषधांचा, कॉर्टिसोनचा परिणाम होता. अधिकृतपणे मात्र फ्लूसारख्या किरकोळ दुखण्यांचीच कारणं दिली जात होती. २ एप्रिल १९७४ रोजी पदावर असतानाच ते वारले. केवळ "भरलेला चेहरा" पाहून प्रकृती सुधारली असं लिहिणारा बातमीदार किती चुकला असता, याचा विचार करा.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या काही रुग्णांचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. भावना असतात, पण चेहऱ्याचे स्नायू त्या दाखवत नाहीत. अशा माणसाबद्दल "श्रद्धांजलीच्या वेळीही चेहरा निर्विकार" असं लिहिणं हा अन्याय आहे. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर ओठांची ठेवण आणि उच्चार बदलू शकतात. ते कायमचं शरीर असतं. त्यावरून त्या दिवशीची नाराजी किंवा चिडचिड वाचायची नसते.

कॅनडातलं १९९३ चं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. लिबरल पक्षाचे ज्याँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याचा एक भाग लहानपणापासून लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. सत्ताधारी पक्षाने प्रचाराच्या जाहिरातीत त्यांच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो वापरले आणि हा माणूस पंतप्रधान म्हणून शोभेल का, असा सूर लावला. लोक भडकले, जाहिरात मागे घ्यावी लागली. त्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाच्या अवघ्या २ जागा उरल्या. त्या पराभवाला इतरही मोठी कारणं होती, पण एखाद्याच्या शारीरिक व्यंगावर बोट ठेवलेलं लोकांना आवडत नाही एवढं त्यातून दिसलं.

मग चेहराच बातमी असतो तेव्हा? असतोच कधीकधी. २००४ च्या सप्टेंबरमध्ये युक्रेनचे अध्यक्षपदाचे उमेदवार व्हिक्टर युश्चेन्को आजारी पडले आणि काही आठवड्यांत त्यांचा चेहरा ओळखू न येण्याइतका बदलला. फोड, व्रण, राखाडी सुजलेली कातडी. तिथे चेहऱ्याचं वर्णन टाळणं म्हणजे बातमीच टाळणं झालं असतं. पण विषप्रयोग हा शब्द चेहऱ्यावरून लिहायचा नव्हता. तो उमेदवाराचा आरोप होता. डिसेंबरमध्ये व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी डायॉक्सिनची विषबाधा असल्याचं सांगितलं, त्यानंतर ते वैद्यकीय निदान झालं. आधी दिसलेलं, मग आरोप, मग निदान. तिन्ही वेगवेगळ्या वाक्यांत, वेगवेगळ्या नावावर.

पाचवी पायरी: विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, संकोचामुळे. पण न विचारता लिहिणं हे विचारण्यापेक्षा जास्त उद्धट आहे. कार्यक्रम संपल्यावर थेट, साध्या शब्दांत विचारा: "साहेब, आज तब्येत बरी नाही का? बातमीत उल्लेख करायचा झाला तर काय लिहू?" बाई असतील तर "ताई" किंवा "मॅडम", प्रश्न तोच. दुसरं वाक्य महत्त्वाचं. त्यामुळे हे कुतूहल नाही, छापून येणार आहे, हे समोरच्याला कळतं. बरेच जण सरळ सांगतात. दाढ काढलीय, रात्रीचा प्रवास झालाय, तीन दिवस ताप आहे. "सांगायचं नाही" हेही उत्तरच आहे, आणि ते तसंच लिहा: प्रकृतीबाबत त्यांनी बोलण्यास नकार दिला.

त्यानंतर कार्यालयाला विचारा. पण कार्यालयाचं म्हणणं हे म्हणणंच असतं. सोव्हिएत नेते युरी आंद्रोपोव्ह १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये क्रांतिदिनाच्या संचलनाला दिसले नाहीत तेव्हा सर्दी झाल्याचं सांगण्यात आलं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये ते वारले. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा मित्तराँ यांनी तर १९८१ मध्ये सत्तेवर येताना प्रकृतीची माहिती नियमित जाहीर करण्याचं वचन दिलं होतं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना कर्करोग असल्याचं निदान झालं आणि वर्षानुवर्षं ती प्रसिद्धिपत्रकं त्याबद्दल गप्प राहिली. १९९२ मध्ये लोकांना कळलं. म्हणून "प्रकृती ठणठणीत आहे" असं वाक्य तुमच्या तोंडी नको, "प्रकृती ठणठणीत असल्याचे कार्यालयाने सांगितले" असं हवं. आणि त्याशेजारी तुम्ही पाहिलेली सैल कॉलरही हवी. दोन्ही शेजारी ठेवली की वाचक काय ते समजतो.

वेळेची नोंद इथे जीव वाचवते. ११ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्मृतिसभेतून हिलरी क्लिंटन अचानक निघाल्या आणि गाडीत बसताना त्यांचा तोल गेला. आधी प्रचारयंत्रणेने उकाड्याचा त्रास झाल्याचं सांगितलं. दिवस मावळायच्या आत न्यूमोनिया असल्याचं जाहीर झालं, आणि त्याचं निदान दोन दिवस आधीच झालेलं होतं. अशा दिवशी घटनाक्रम हीच बातमी. किती वाजता काय दिसलं, किती वाजता काय सांगण्यात आलं. एकही विशेषण न वापरता त्यात सगळं येतं.

"सूत्रांनी सांगितले" या आधारावर आजाराचं नाव छापू नका. इतर राजकीय बातम्यांत सूत्रं चालतात, कारण खोटं ठरलं तर माणूस उद्या खुलासा करतो. आजाराचं नाव एकदा चिकटलं की निघत नाही. विरोधक "त्यांची तब्येत बघा, ते काय राज्य चालवणार" म्हणाले, तर ते त्यांच्या नावावर अवतरणात येऊ द्या. तुमच्या वर्णनाने त्याला दुजोरा मिळेल अशी रचना करू नका.

सहावी पायरी: बातमीत जागा कुठे द्यायची

पहिला प्रश्न: या माणसाच्या तब्येतीचा त्याच्या कामाशी, निवडणुकीशी, घेतल्या जाणाऱ्या निर्णयाशी आज संबंध आहे का? नसेल तर वर्णन गाळा. अर्थसंकल्पाच्या बातमीत अर्थमंत्र्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं कशाला? संबंध असेल तर मजकुराच्या मध्यावर दोन वाक्यं पुरतात. चेहरा इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात, फक्त तेव्हाच, जेव्हा माणूस मोठ्या काळानंतर प्रथमच दिसलाय आणि तो दिसणं हीच बातमी आहे.

दुसरा प्रश्न स्त्री नेत्यांसाठी. हेच वाक्य मी तिच्या जागी पुरुष असता तर लिहिलं असतं का? मेकअप न केलेली बाई आजारी दिसते असं लिहिणारे बातमीदार, दाढी न केलेल्या पुरुषाला मात्र "अखंड कामात" म्हणतात.

आता प्रत्यक्ष लिहून पाहू. डेस्कवर अशी कॉपी येते:

"पक्षातील बंडाळीने खचलेल्या मंत्र्यांचा चेहरा काल पांढराफटक पडला होता. गंभीर आजाराने ग्रासल्याची चर्चा असलेल्या मंत्र्यांच्या चेहऱ्यावर अवकळा स्पष्टपणे जाणवत होती."

"खचलेल्या" हा अंदाज. "पांढराफटक" कदाचित उजेड. "चर्चा" कोणाची ते नाही. "अवकळा" निवाडा. "स्पष्टपणे" हा शब्द तर आपल्याला खात्री नसते तेव्हाच येतो. आता बातमीदाराला फोन लावला, वही उघडायला सांगितली आणि कॉपी अशी झाली:

"तीन आठवड्यांनंतर मंत्री काल प्रथमच जाहीर कार्यक्रमाला आले. त्यांचे वजन कमी झालेले दिसत होते, सदऱ्याची कॉलर सैल होती. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्यांनी कठड्याचा आधार घेतला. ते १४ मिनिटे बोलले, आवाज नेहमीसारखा होता. प्रकृतीबाबत विचारले असता, 'ताप येऊन गेला, आता बरा आहे,' असे त्यांनी सांगितले. पक्षातील बंडाळीवर त्यांनी बोलणे टाळले."

शब्द वाढले हे खरं. पण पहिल्या मजकुरात वाचकाला मंत्री दिसतच नव्हते, फक्त बातमीदाराचं मत दिसत होतं. बंडाळीचं वाक्यही आहे, फक्त ते चेहऱ्याला चिकटवलेलं नाही.

मनोहर पर्रीकर यांच्या शेवटच्या महिन्यांतली दृश्यं अनेकांना आठवत असतील. डिसेंबर २०१८ मध्ये ते नाकात नळी असताना पुलांच्या कामाची पाहणी करायला गेले, जानेवारी २०१९ च्या अखेरीस त्याच अवस्थेत त्यांनी विधानसभेत गोव्याचा अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. "नाकात नळी" हे दोन शब्द लिहिले की पुढे "करुण", "केविलवाणा", "झुंजार" यातलं काहीच लिहायची गरज उरत नाही. कौतुकाची विशेषणंही इथे तितकीच आडवी येतात. आजारी माणसाने काम करावं की खुर्ची सोडावी, यावर वाचकांचं मत दोन्ही बाजूंना असू शकतं, आणि ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

फोटो आणि फोटोओळ

तुम्ही मजकुरात कितीही सांभाळलंत तरी डेस्कने अर्धे डोळे मिटलेला फोटो लावला की सगळं वाया. फोटो निवडताना जवळ उभे राहा, आणि बहुसंख्य फोटोंत चेहरा जसा दिसतो तसाच फोटो जावा असा आग्रह धरा. रंग उजळवू नका, उतरवूही नका. फोटोओळीत जागा, प्रसंग, तारीख एवढंच. "चिंताक्रांत मुद्रेत" वगैरे लिहायचं नाही. जुना फोटो वापरला असेल तर "संग्रहित" हा शब्द हवाच. निरोगी दिवसांतला फोटो आजच्या आजारपणाच्या बातमीला लावणं हीसुद्धा दिशाभूल आहे.

चूक झाली तर

होईल. नेत्याच्या घरून किंवा कार्यालयातून फोन येईल, बहुधा सकाळी लवकर, आणि आवाज चढलेला असेल. वाद घालू नका. वही उघडा आणि आपण लिहिलेल्या वाक्यातलं पाहिलेलं कोणतं आणि अंदाजाचं कोणतं ते वेगळं करा. पाहिलेलं असेल तर त्यावर ठाम राहा. अंदाज असेल तर दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर, गोलमाल शब्द न वापरता दुरुस्ती द्या:

"मतमोजणीच्या बातमीत उमेदवाराचा चेहरा पराभवाच्या धास्तीने पांढरा पडल्याचे म्हटले होते. धास्तीचा उल्लेख हा आमच्या बातमीदाराचा अंदाज होता. दालनातील प्रकाशामुळे उपस्थित सर्वांचेच चेहरे तसे दिसत होते."

ही दुरुस्ती मी तेव्हा द्यायला हवी होती. त्या उमेदवाराचा फोन आला नाही, म्हणून ती राहून गेली. फोन येण्याची वाट पाहू नका.